इंडेक्स कितीदा रिबिल्ड केला तरी फाइल सर्च संथच? आधी मूळ शोधा

विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या संगणकावर फाइल शोधणं संथ झालं, की बहुतेक जण एकच उपाय करतात: इंडेक्स रिबिल्ड, म्हणजे विंडोजने ठेवलेली फाइलींची सूची नव्याने बनवणं. आठ-पंधरा दिवस बरं चालतं. मग ॲड्रेस बारमधली पट्टी पुन्हा मुंगीच्या पावलांनी सरकायला लागते, खिडकी ‘वर्किंग ऑन इट’वर अडकते, आणि घरातलं कुणीतरी पुन्हा रिबिल्डचं बटण दाबतं.

रिबिल्ड वाईट नाही. पण त्याने इंडेक्स फक्त नव्याने लिहिला जातो. तो ज्या कारणाने फुगला, अडला किंवा अर्धवट राहिला, ते कारण जागच्या जागी असतं. शिवाय कितीतरी घरांत सर्च इंडेक्सकडे बघतच नसतो, थेट डिस्क चाळत असतो. तिथे इंडेक्स कितीही वेळा नवा केला तरी काडीचा फरक पडणार नाही. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: आपला सर्च इंडेक्समधून चाललाय, की डिस्कवरून?

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. ‘सर्च इंडेक्सर’ ही प्रक्रिया मागच्या मागे चालत राहते, ठरलेल्या फोल्डरांतल्या फाइलींची नावं, तारखा आणि काही प्रकारांचा आतला मजकूर वाचते आणि हे सगळं सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात साठवते. शोध या सूचीतून झाला तर उत्तर एक-दोन सेकंदांत येतं. सूचीबाहेरचा फोल्डर असेल तर विंडोज एकेक फोल्डर उघडून आत डोकावत जातं.

तपासणी सोपी आहे. नेहमी वापरातली एखादी फाइल घ्या, तिला विचित्र, वेगळं नाव द्या आणि तिची एक प्रत ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, दुसरी डी ड्राइव्हवर ठेवा. पाच-दहा मिनिटं थांबा. मग ‘डॉक्युमेंट्स’ उघडून तिथून शोधा, नंतर डी उघडून तिथून शोधा. पहिलीकडे लगेच सापडली आणि दुसरीकडे रखडलं, तर इंडेक्स ठणठणीत आहे; डी त्याच्या यादीत नाही, एवढंच. दोन्हीकडे रखडलं तर इंडेक्स बंद तरी आहे किंवा आजारी तरी. या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

दोन्हीकडे संथ असेल तर: सर्व्हिस बंद आहे का?

‘संगणक फास्ट करा’ छापाच्या व्हिडिओंमध्ये हमखास एक सल्ला असतो: विंडोज सर्च ही सर्व्हिस, म्हणजे इंडेक्स सांभाळणारा मागच्या मागे चालणारा प्रोग्राम, बंद करून टाका. गेम खेळणारा मुलगा किंवा संगणक दुरुस्तीला आलेला माणूस ती बंद करतो. डिस्कवरचा ताण त्या दिवशी खरंच कमी होतो. महिन्याभराने आई वीजबिल शोधायला बसते तेव्हा सर्च संथ झालेला असतो, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून ती खिडकी उघडा आणि खाली ‘विंडोज सर्च’ शोधा. तिच्यासमोर ‘रनिंग’ दिसलं पाहिजे आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ असला पाहिजे. नसेल तर डबल क्लिक करून तसं करा, ‘स्टार्ट’ दाबा. डिलेड असल्यामुळे संगणक चालू केल्या केल्या ती सुरू होत नाही, थोडा वेळ घेते. तेवढ्यावरून ती बिघडली असं समजू नका.

आता कंट्रोल पॅनेलमधून ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडा. सेटिंग्जमधली नावं विंडोजच्या आवृत्तीगणिक बदलत राहतात, हा जुना रस्ता मात्र दोन्हीकडे सापडतो. वर एक आकडा आणि एक वाक्य दिसेल. ‘इंडेक्सिंग कम्प्लीट’ असेल तर उत्तम. ‘युजर ॲक्टिव्हिटीमुळे वेग कमी’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर तो बिघाड नाही. तुम्ही काम करत असताना इंडेक्सर मुद्दाम बाजूला होतो. आकडा तासन् तास एकाच जागी थिजलेला असेल, किंवा इंडेक्स केलेल्या फोल्डरात समोर दिसणारी फाइल सर्चमध्ये येतच नसेल, तर आणि तरच ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन रिबिल्ड करा. तेसुद्धा पुढची कारणं आवरल्यावर, आधी नाही.

इंडेक्सला वेळच मिळत नाही

घरचा संगणक ऑफिसातल्यासारखा दिवसभर चालू नसतो. संध्याकाळी अर्धा तास काहीतरी काम, की शटडाउन. इंडेक्सर काम करतो तो मुख्यतः संगणक मोकळा असताना, आणि मोकळा वेळ त्याला मिळतच नाही. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर तो आणखी आखडतं घेतो. अशा घरात रिबिल्ड केल्यावर यादी पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागतात, त्या काळात सर्च आधीपेक्षाही अपुरा आणि संथ वाटतो, आणि लोक वैतागून पुन्हा रिबिल्ड करतात. म्हणजे पुन्हा शून्यापासून.

त्यामुळे रिबिल्ड करायचाच असेल तर रात्री करा. चार्जर लावा, स्लीपची वेळ त्या रात्रीपुरती ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल. सकाळी ‘इंडेक्सिंग कम्प्लीट’ दिसेपर्यंत दुसरं काही बदलू नका.

इंडेक्स फुगतो कशाने

माझ्या मते वारंवार उद्भवणाऱ्या संथपणाचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनानुसार बहुतेक लोकांच्या इंडेक्समध्ये ३०,००० पेक्षा कमी गोष्टी असतात. ४,००,००० च्या पुढे गेल्यावर वेगाच्या तक्रारी सुरू होऊ शकतात. आणि १० लाख ही साधारण कमाल मर्यादा. घरच्या संगणकावर चार लाख फाइली कुठून येणार, असं वाटेल. येतात, आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे जुन्या संगणकाची प्रत. नवा संगणक घेताना जुन्याचा अख्खा सी ड्राइव्ह ‘ओल्ड पीसी’ नावाच्या फोल्डरात उतरवून ठेवलेला असतो. चालू विंडोजचे स्वतःचे फोल्डर, प्रोग्राम फाइल्स आणि ॲपडेटा यांना इंडेक्सर वगळतो, पण जुन्या संगणकाच्या प्रतीत तसेच फोल्डर असले तरी त्याच्या लेखी ते तुमचे साधे फोल्डर. ब्राउझरच्या कॅशेमधल्या हजारो चिमुकल्या फाइलीसुद्धा मग सूचीत येऊन बसतात.

दुसरी वाट फोनचा बॅकअप. फोनची मेमरी भरली की केबल लावून सगळंच्या सगळं ओतायचं, पुढच्या वेळी नव्या फोल्डरात पुन्हा सगळं ओतायचं. व्हॉट्सॲपचे सुप्रभात संदेश, स्टिकर, थंबनेल, एकाच फोटोच्या तीन प्रती. आणि घरात कुणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत असेल तर जावास्क्रिप्टच्या प्रत्येक प्रोजेक्टमागे ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचा फोल्डर असतोच. तो एकटाच हजारो फाइलींचा धनी असतो.

यावर उपाय पुसून टाकणं नव्हे, वगळणं. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ दाबा, झाडासारखी यादी उघडेल, त्यात हे फोल्डर शोधून टिक काढा. फाइली जिथल्या तिथे राहतात, फक्त सूचीत येत नाहीत. मग रात्रीचा रिबिल्ड. वाढलेला आकडा खाली आला की स्टार्टमधला सर्चही चपळ होतो, कारण तोही याच इंडेक्सवर चालतो.

डी ड्राइव्हचं काय करायचं

आपल्याकडे संगणक जुळवून देणारा माणूस हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो: सीमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारावा लागला तर जाईल. सल्ला चुकीचा नाही. पण त्यामुळे घरातलं सगळं महत्त्वाचं, म्हणजे फोटो, मार्कशीट, करारनामे, फॉर्म १६, सगळं डीवर. आणि विंडोजचा मूळ ‘क्लासिक’ शोध पाहतो ते तुमच्या नावाच्या फोल्डरातलं ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ वगैरे. डी त्याच्या गावीही नसतो.

सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्स्ड’ असा दुसरा पर्याय आहे, तो पूर्ण संगणक इंडेक्स करतो. तो लावावासा वाटतो, पण मी लावू नका असंच म्हणेन. वर सांगितलेला चार लाखांचा आकडा ओलांडायचा तो सगळ्यात जवळचा मार्ग आहे. त्याऐवजी ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन डीवरचे मोजके फोल्डर टिक करा: कागदपत्रं, फोटो, शाळा-कॉलेज. पूर्ण डीवर टिक नको.

आणखी पक्का मार्ग हवा असेल तर ‘डॉक्युमेंट्स’चं घरच डीवर हलवा. ‘डॉक्युमेंट्स’वर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’. डीवर आधी त्यासाठी रिकामा फोल्डर करून तोच निवडा. थेट डीचं मूळ निवडलं तर पुढे निस्तरायला त्रास होतो. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर आधी तो बंद करावा लागतो.

बाहेरची हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह आपोआप इंडेक्स होत नाहीत. त्यावरचा शोध रखडणं स्वाभाविक आहे. त्यासाठी पुढे वेगळं सांगतो.

नाव शोधायचंय, आणि विंडोज मजकूर वाचत बसलंय

इंडेक्सबाहेरच्या जागेत शोधताना संगणक अक्षरशः तासभर अडकतो, तो बहुधा एका टिकमुळे. फाइल एक्सप्लोररच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘सर्च’ असा भाग आहे. तिथे ‘नेहमी फाइलचं नाव आणि मजकूर दोन्ही शोधा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. याला कित्येक मिनिटं लागू शकतात, अशी सूचना मायक्रोसॉफ्टने त्याच ओळीत लिहून ठेवली आहे. त्याच्या शेजारी झिपसारख्या दाबलेल्या फाइलींच्या आत शोधण्याचा पर्याय आहे. दोन्हींवरची टिक काढा.

फरक किती पडतो त्याचा हिशेब करून बघा. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं इकडून तिकडे सरकायचा वेळ. मिळून सुमारे १५ मिलिसेकंद धरा. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर उड्या. एक लाख फाइली उघडून वाचायच्या तर प्रत्येकीमागे किमान एक उडी, म्हणजे निव्वळ उड्यांचीच पंचवीस मिनिटं. अँटिव्हायरस प्रत्येक उघडलेली फाइल तपासतो तो वेळ वेगळाच. एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, फिरणारं काही नसल्यामुळे हीच उडी मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. संगणकावर पैसे खर्च करायचेच असतील तर रॅम किंवा ‘बूस्टर’ सॉफ्टवेअरपेक्षा आधी एसएसडी घ्या. बूस्टर तर फुकट मिळाला तरी नको.

मजकुरातला शब्द शोधायची गरज खरंच पडते. तेव्हा त्या एकाच फोल्डरात जाऊन, सर्च बॉक्सशेजारच्या सर्च ऑप्शन्समधून तेवढ्यापुरता ‘फाइल कन्टेन्ट्स’ चालू करा. ‘धिस पीसी’वरून तर कधीच करू नका.

नावावरून शोधायचं असेल तर एव्हरीथिंग

घरी होणारे बहुतेक शोध नावावरूनच होतात. त्यासाठी ‘एव्हरीथिंग’ हे व्हॉइडटूल्सचं मोफत आणि छोटं सॉफ्टवेअर मी मनापासून सुचवतो. त्याचा वेग जादू नाही, त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर (संगणकातल्या सी, डीवर सहसा हीच पद्धत असते) प्रत्येक फाइलची नोंद एका मास्टर टेबलमध्ये असते, साधारण एक केबीची एक नोंद. पाच लाख फाइलींचं टेबल जेमतेम ५०० एमबीचं. एकेक फोल्डर न उघडता हे टेबल सलग वाचलं तर साधी हार्ड डिस्कही ते काही सेकंदांत वाचते. निर्मात्यांच्या माहितीनुसार दहा लाख फाइलींची यादी बनायला साधारण एक मिनिट आणि ७५ एमबी रॅम लागते. नंतरचे बदल ते ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदवहीतून टिपतं, म्हणून पुन्हा चाळणी नाही.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. पेन ड्राइव्ह किंवा एक्सफॅट पद्धतीच्या बाहेरच्या डिस्कवर असं टेबल नसतं. तिथे ऑप्शन्समध्ये तो फोल्डर हाताने जोडावा लागतो आणि यादी ठरावीक वेळाने पुन्हा चाळून ताजी होते. दुसरं म्हणजे एका संगणकावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तरी एव्हरीथिंगमध्ये सगळ्यांच्या फाइलींची नावं दिसतात. फाइल उघडत नाही, पण नाव दिसतं. सामायिक संगणकावर टाकण्याआधी घरच्यांना हे सांगायला हवं.

शोध नेहमी एकाच जागी अडकतो

कुठल्याही फोल्डरात शोधलं तरी थोडं संथ, हे वेगळं. पण प्रत्येक वेळी त्याच फोल्डरावर संगणक गोठत असेल, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रत्यक्ष वेग काही केबींचा, सोबत टकटक आवाज, तर सर्चचा विषय सोडा. डिस्क जात असण्याची शक्यता आहे. आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करा. त्यानंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ यांचे, म्हणजे डिस्कच्या खराब होत असलेल्या आणि झालेल्या भागांचे, आकडे बघा. कॉपी होण्याआधी ‘चेक डिस्क’ ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवू नका, कारण ती संपूर्ण पृष्ठभाग वाचायला लागली तर शेवटचे श्वास मोजणारी डिस्क त्यातच बसू शकते.

‘डाउनलोड्स’ उघडायलाच वेळ लागत असेल तर तो सर्चचा दोष नसतो. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टमाइझ’ इथे तो फोल्डर ‘पिक्चर्स’साठी लावलेला असतो, ‘जनरल आयटम्स’ करा, झालं.

मराठी नावांची खास अडचण

सगळं नीट असूनही फाइल सापडत नाही, मग माणूस शोध रुंदावत जातो, ‘धिस पीसी’पर्यंत पोचतो, आणि म्हणतो की सर्च संथ आहे. याचं मूळ अनेकदा नावात असतं. सातबाऱ्याचंच घ्या. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, त्यामुळे ७/१२ असं नाव देताच येत नाही. मग एकाने आकडे जोडून लिहिले, दुसऱ्याने मध्ये आडवी रेघ दिली, तिसऱ्याने इंग्रजी अक्षरांत ‘सातबारा’, चौथ्याने देवनागरीत. चार भावांच्या चार फाइली, आणि एका शोधात एकच सापडते.

देवनागरीतही मेख आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीपासून ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिलं जायचं आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’चंही तसंच, फोनवर टाइप केलेलं आणि संगणकावरचं जुळेलच असं नाही. अशा वेळी नावातला निर्धोक तुकडा शोधा: ‘ॲग्रीमेंट’ऐवजी नुसतं ‘ग्रीमेंट’, आणि त्याच्या आधी तारांकन (*), कारण विंडोज इंडेक्समध्ये शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं, मधून नाही. एव्हरीथिंग मधलंही जुळवतं.

कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलींच्या आत युनिकोड मराठी शोधून काही मिळत नाही. तिथे डोळ्यांना दिसतं मराठी, पण फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फाइलींचं नाव तरी युनिकोडमध्ये नीट द्या, किंवा कन्व्हर्टरमधून मजकूर बदलून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ हे तर चित्रच. तिच्यात शोधण्यासारखा मजकूर नसतो, म्हणून तिथेही नावावरच भिस्त. अँड्रॉइड फोनवरून उतरवलेल्या व्हॉट्सॲपच्या फोटोचं नाव बघितलंत तर त्यात आठ आकडी तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २० मे २०२३ चा फोटो हवा तर २०२३०५२० हे आकडे इंग्रजीत टाका आणि त्यांच्या आधी व नंतर तारांकन द्या.

सगळं लावून झालं की ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधला आकडा कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवा. सर्च पुन्हा मंदावला तर रिबिल्डकडे न जाता आधी तो आकडा ताडून बघा. तो हजारांवरून लाखांवर गेला असेल तर मधल्या काळात कुठला मोठा फोल्डर कॉपी झाला ते घरात विचारा आणि त्याची टिक काढा. आकडा तेवढाच असेल तर सर्व्हिस चालू आहे का बघा, मग डिस्कची तब्येत.